मीटिंग आहे म्हणून सांगा

बमू लांबोर दवाखान्याच्या फाटकातून आत येताना मला खिडकीतून दिसला, आणि तो कशासाठी आला असणार हे तो पायरीपाशी पोचण्याआधीच मला कळलं. खांद्यावर घोंगडं, धोतराला गुडघ्यापर्यंत चिकटलेली कुसळं. सकाळचे साडेआठ वाजत होते. म्हणजे उजाडता उजाडताच तो डोंगरावरून निघाला असणार.

माझा उजवा हात टेबलावरून उठला आणि दोन बोटं मानेवर, जबड्याच्या खालच्या खोबणीत जाऊन बसली. घड्याळाकडे बघत मी मोजायला लागले. पंधरा सेकंदांत बावीस. म्हणजे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजले. चोवीस.

तेव्हा मी आंबर्ड्याच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. कोल्हापूर दोन तासांवर, आणि मागे सगळा घाटमाथा. नोकरीला दहा वर्षं झाली होती. पावसात, चिखलात, कंदिलाच्या उजेडात अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या होत्या. रेवती चौगुले म्हणून मला फारसं कोणी ओळखत नसे, पण ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं की वीस-पंचवीस वाड्यांना माहीत होतं. हे सगळं त्या वर्षीच्या जुलैपर्यंत.

जुलैतल्या एका सकाळी स्वयंपाकघरात कुकरचं झाकण उचलायला मी वाकले आणि छातीत काहीतरी सुटलं. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. हृदय धावायला लागलं आणि थांबेना. नाडी मोजायला गेले तर मोजताच येईना, नुसती थरथर. माझे यजमान, सुहास, कॉलेजात शिकवतात. त्यांनी मला गाडीत घातलं आणि दोन तासांत कोल्हापूर गाठलं. तिथल्या मशीनवर आकडा आला दोनशे चार. तिथल्या डॉक्टरांनी शिरेत एक इंजेक्शन देताना सांगितलं, आता दोन-चार सेकंद फार विचित्र वाटेल, घाबरू नका. मग माझ्या डोळ्यांसमोर त्या पडद्यावरची रेघ सरळ झाली. छातीवर कोणी उखळ ठेवावं तसं झालं. श्वास नाही, आवाज नाही. मी गुरांची का होईना, डॉक्टर आहे. सरळ रेघ म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होतं. सहा सेकंद, असं नंतर सुहास म्हणाले. मग ठोके पुन्हा सुरू झाले, अगदी शहाण्यासारखे.

डॉ. नाईकवडी समजुतीनं बोलणारे होते. म्हणाले, जन्मापासूनच तुमच्या हृदयात विजेच्या प्रवाहाला एक जादा वाट आहे. कधीतरी प्रवाह त्या वाटेत शिरतो आणि गोल फिरत राहतो. त्रास देईल, पण मारणार नाही. रोजची एक गोळी दिली. पायाच्या शिरेतून तार घालून ती वाट जाळून टाकता येते, त्याचा विचार करा म्हणाले. आणि पुन्हा असं झालं तर घरच्या घरी काय करायचं तेही शिकवलं. दहा मिलीची रिकामी सिरिंज घ्यायची, सुई काढायची, अर्धवट बसून तोंडानं इतकं जोरात फुंकायचं की आतला दट्ट्या जरासा हलेल. पंधरा सेकंद. आणि लगेच आडवं व्हायचं, दुसऱ्या कोणीतरी पाय वर उचलून धरायचे.

मारणार नाही हे वाक्य घरी येताना गाडीत मी सुहासकडून तीन वेळा वदवून घेतलं. तिन्ही वेळा मला ते खरं वाटलं नाही.

त्यानंतरचे चार महिने मी कशी जगले हे कोणाला नीट सांगता आलं नसतं. त्रास त्या एका दिवसाचा. बाकी सगळी वाट बघणं होतं. दिवसातून शंभरदा मानेवर बोटं. चहा बंद केला, जिना एक एक पायरी चढायला लागले, डाव्या कुशीवर झोपणं सोडलं, कारण त्या कुशीवर उशीतून ठोके ऐकू येत. प्रत्येक जागा मी कोल्हापूरपासून किती मिनिटांवर आहे त्या हिशेबात बघू लागले. घर दोन तास. बाजार दोन तास दहा मिनिटं. माझी मुलगी ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. एकदा तिला शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असताना लांबून पाहिलं, तर ती मानेवर दोन बोटं लावून मनाशी काहीतरी मोजत होती. मी जवळ जाऊन तिचा हात खाली घेतला, आणि नंतर न्हाणीघराचं दार लावून बराच वेळ नळ सोडून बसले.

डोंगरावरच्या वाड्यांना जाणं मी बंद केलं. बंद केलं असं कोणाला सांगितलं मात्र नाही. आमचे परिचर मगदूममामा निवृत्तीला आलेले, माझ्यापेक्षा जास्त बाळंतपणं पाहिलेले गृहस्थ. फोन तेच घेत. मी आतून हळूच म्हणायची, “मामा, मीटिंग आहे म्हणून सांगा.” मामा माझ्याकडे न बघता तसं सांगत.

तीन आठवड्यांपूर्वी निवळीच्या धनगरवाड्यावरून याच बमूचा फोन आला होता. त्याच्या वहिनीची, सगूबाईची म्हैस कळा देत होती आणि काही पुढे होत नव्हतं. वाड्यावर फोन लागत नाही, तो टेकडीवर चढून बोलत होता. निवळी म्हणजे जीप तलावापर्यंत आणि पुढे सव्वा तास चढण. कोल्हापूर साडेचार तास. मी मामांना म्हणाले, मीटिंग आहे म्हणून सांगा, दुपारी बघू. दुपारी मी काहीच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा दारात उभे राहून म्हणाले, “सगूबाईची ती म्हैस गेली, मॅडम. काल सांजेला.” आणि औषधांचं रजिस्टर घेऊन निघून गेले.

आता तोच बमू दारात होता. घोंगडं खाली ठेवून तो म्हणाला की सगूवहिनीची दुसरी म्हैस आहे, पहाटेपासून तिचंही तसंच चाललंय. आवाजात तक्रार नव्हती. दमलेला होता.

मामा माझ्याकडे वळले. मग बमूकडे. म्हणाले, “मॅडमना आज...” आणि थांबले. पुढचं वाक्य मी भरायचं होतं.

मला धैर्य आलं वगैरे काही नाही. ते वाक्य त्या माणसासमोर पुन्हा उच्चारलेलं मला ऐकवलं नसतं, इतकंच. मी म्हणाले, “मामा, पेटी घ्या.”

तलावापाशी जीप लावून आम्ही चढायला लागलो तेव्हा मोबाईलवर दोन रेघा होत्या. पहिल्या वळणावर एक झाली. करवंदीच्या जाळीपलीकडे तीही गेली. मी फोन पर्समध्ये टाकला आणि लगेच पुन्हा काढून पाहिला.

चढणीवर हृदय जोरात चालतं, हे कोणालाही माहीत असतं. पण चार महिने मी जिनाही भीत भीत चढत होते. तिथं प्रत्येक पावलाला मला वाटे, आता सुटलं. थांबावं, मोजावं, तर धाप लागलेली असल्यामुळे एकशे तीस येत. एकशे तीस म्हणजे चढणीचे की त्या दुसऱ्या वाटेचे, हे कसं ओळखायचं? मग मी हळूहळू उतरत्या आकड्याची वाट बघत उभी राही. एकशे वीस. एकशे दहा. देखावा बघायला थांबल्यासारखं दाखवत होते. बमू पुढे जाऊन दगडावर बसून राही. मामा माझ्यामागे राहून चालत होते, आणि ते इतके हळू चालणारे नव्हते.

अर्ध्या वाटेवर मी त्यांना म्हणाले, “मामा, मला वर काही झालं तर?”

मामांनी पेटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. म्हणाले, “तर आम्ही सहा-सात माणसं असू, मॅडम. उचलून आणू.” थोडं चालून पुढे म्हणाले, “मी खोटं सांगत नाही. तीन तास लागतील.”

का कोण जाणे, मारणार नाही या वाक्यापेक्षा हे तीन तास मला बरे वाटले.

वाडा म्हणजे माळावरची सात-आठ घरं, कुडाच्या भिंती, पुढे दगडी कुंपण. सगूबाई पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. या-बसा काही नाही. मला बघून एवढंच म्हणाली, “आलासा.”

म्हैस उठत होती, बसत होती, शेपूट वर करून कळा देत होती, पण रेडकाआधी येणारी पाण्याची पिशवी, पाणमोट, दिसत नव्हती. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, हात आत घातला आणि आत गेल्याबरोबर समजलं. हात सरळ जातच नव्हता, पिळलेल्या पिशवीत घालावा तसा उजवीकडे वळत होता. गर्भपिशवीला पीळ पडला होता. रेडकाची वाटच बंद. पहिल्या म्हशीलाही हेच झालं असणार, हे मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

पीळ सोडवायचा एक जुना, रांगडा उपाय आहे. म्हशीला पिळाच्या बाजूला आडवी पाडायची, पुढचे दोन आणि मागचे दोन पाय वेगवेगळे बांधायचे, पोटावर लांब फळी ठेवायची, फळीवर एका माणसानं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी दोर धरून म्हशीला पिळाच्याच दिशेनं पलटायचं. फळीनं पिशवी जागच्या जागी दाबून राहते, म्हैस तिच्याभोवती फिरते आणि पीळ उलगडतो. उलगडला तर. दर पलटीनंतर हात घालून बघावं लागतं.

वाड्यावरची पाच माणसं जमली. एका घराचं दार उचकटून त्याची फळी आणली. मामा फळीवर चढले. पहिली पलटी दिली, मी गुडघ्यावर बसून हात घातला. पीळ तसाच. दुसरी पलटी. मी पुन्हा वाकले, खांद्यापर्यंत हात आत, गाल म्हशीच्या ढुंगणाला टेकलेला. किंचित सैल झाल्यासारखं वाटलं. आणि त्याच क्षणी माझ्या छातीत एक ठोका चुकला, घशाशी काहीतरी फडफडलं आणि सुरू झालं.

या वेळी मोजायची गरज नव्हती.

मी हात बाहेर काढला. काय करायचं ते मला माहीत होतं, पण चार महिन्यांत एकदाही मी ते करून पाहिलं नव्हतं. पर्समधली ती सिरिंज घरी टेबलाच्या खणात होती. बघितली की भीती वाटायची म्हणून मीच ती काढून ठेवली होती. कानांत नुसता घरघराट. डोळ्यांपुढे कडेनं काळं येऊ लागलं. वाटलं, हेच ते. साडेचार तास. ओवीला शाळेच्या गाडीतून उतरवून घ्यायला आज कोण जाईल, असलं काहीतरी मनात आलं.

“मामा,” मी म्हणाले, “दहा मिलीची सिरिंज. सुई काढून.”

मामांना वाटलं म्हशीला हवी आहे. म्हशीपाशी येऊन ते गोंधळून उभे राहिले. मी सिरिंज त्यांच्या हातातून घेतली, दगडी कुंपणाला पाठ टेकून बसले आणि ती तोंडात धरली. माणसं दोर धरून माझ्याकडे बघत होती. सगूबाई पुढे आली.

“काय हुतंय तुमाला?”

“हृदय पळतंय,” मी सांगितलं. “थांबत नाही. मी हे फुंकते. मग आडवी होईन, तेव्हा माझे पाय धरून वर उचला. जोरात.”

ती माझ्या पायाशी उकिडवी बसली.

पहिल्यांदा फुंकलं तेव्हा पाच-सहा सेकंदांतच माझा दम सुटला. आडवी झाले, तिनं पाय उचलले, काही झालं नाही. वर आभाळ, एक घार फिरत होती, आणि छातीत तेच. मला रडू फुटलं. सगूबाई म्हणाली, “पुना करा.” एवढंच, म्हशीला ऊठ म्हणावं तशा आवाजात.

मी पुन्हा बसले. मामा घड्याळ धरून मोठ्यानं आकडे म्हणू लागले. मी फुंकत राहिले, कानशिलं तडतडली, दट्ट्या केसभर हलला, दहा, अकरा, मामांचा आवाज, पंधरा. धाडदिशी आडवी झाले. सगूबाईनं माझे दोन्ही घोटे तिच्या खांद्याएवढे वर नेले आणि धरून ठेवले. तिच्या हाताला म्हशीचा, शेणाचा, धुराचा वास होता. छातीत एक मोठा धक्का बसला. मग रिकामं. माझे डोळे गच्च मिटले. आणि मग एक ठोका. बऱ्याच वेळानं दुसरा. तिसरा.

पाय खाली ठेवायचे का, हे सगूबाईनं नजरेनंच विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं.

म्हैस कण्हत होती. बांधलेली, आडवी, डोळे पांढरे केलेली. मी उठून बसले. बमू दोर सोडून माझ्याकडे आला आणि म्हणाला की आता राहू द्या, तुम्हाला खाली नेतो. मामाही तेच म्हणाले. मला जावंसं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी उचलून न्यावं, असंच वाटत होतं. पण पीळ किंचित सैल झालेला माझ्या बोटांनी पाहिला होता. एकच पलटी आणखी. मी म्हणाले, “आणखी एकदा पलटा. मी बसूनच हात घालते.”

तिसऱ्या पलटीला आतून खळकन काहीतरी सुटलं आणि पाण्याचा लोंढा माझ्या मांडीवर आला. हात घातला तर सरळ आत गेला. पुढे दोन खूर, त्यांवर टेकलेलं नाक. नाकपुडीत बोट घातलं, जीभ ओढून पाहिली. काही प्रतिसाद नव्हता. मी खुरांना दोऱ्या बांधल्या, पुरुषांनी कळेसरशी ओढलं आणि अर्ध्या तासात रेडकू बाहेर आलं. मेलेलं होतं. दोन तास आधी आले असते तर कदाचित जगलं असतं. कदाचित नसतंही.

म्हैस मात्र वाचली. मी सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, आणि तासाभरानं ती आपली आपण उठून उभी राहिली आणि बादलीत तोंड घालून पाणी प्यायली. रेडकामागून पडणारी वार तेवढी अजून पडायची होती. माणसं दार घेऊन परत बसवायला गेली. मामा पेटी भरत होते.

सगूबाई रेडकाला कुंपणाबाहेर ओढून नेऊन त्यावर पालापाचोळा टाकत होती. मी तिच्यापाशी गेले. तिथं जाऊन काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं :

“सगूबाई, मागच्या वेळी मीटिंग नव्हती.”

तिचा हात थांबला नाही.

“मी दवाखान्यातच होते. हा आजार झाल्यापासून मला इतक्या लांब यायची भीती वाटते. म्हणून खोटं सांगायला लावलं.”

“ठावं हाय,” ती म्हणाली.

मी मागे वळून मामांकडे पाहिलं. तिनं ते ओळखलं.

“त्येंनी न्हाय सांगितलं. म्या सवता आली हुती त्या दिशी. दुपारपत्तर वाट बघितली, मग ऱ्हावंना, म्हणून आली उतरून. फाटकातनं आत आली तर खिडकीत तुमी. मानंला बोटं लावून घड्याळाकडं बघत बसला हुतासा. रडत हुतासा.”

मी रडत होते हे मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

“मग हाक का नाही मारलीत?”

“आजारी माणसाला काय हाक मारायची.” तिनं ओंजळभर पाला उचलला. “तशीच परत फिरली. वर आली तवर म्हशीनं मान टाकली हुती.”

मी म्हणाले की माझं चुकलं.

“चुकलंच,” ती म्हणाली. मग पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि मायेनंही नाही. एखादी गोष्ट नीट समजावून सांगावी तशी बोलली. “भ्या वाटतंय त्येला कोन काय म्हननार? आमाला बी वाटतंय. पर मीटिंग हाय म्हनालासा, म्हून आमी थांबलो. मीटिंग सुटली की येतील, म्हून ह्यो बमू दुपारपत्तर टेकडीवर फोन धरून बसला. येनं जमत न्हाय म्हनला असतासा, तर आमी पल्याडच्या खोऱ्यातनं दुसरा डॉक्टर आनला असता. सकाळचाच आनला असता.”

चार महिने मला वाटत होतं की माझं खोटं म्हणजे माझ्या आणि माझ्या भीतीच्या मधली गोष्ट आहे. बाहेर कोणी त्या खोट्यावर विसंबून टेकडीवर उन्हात बसलेलं असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

“जावा आता,” ती म्हणाली. “ऊन हाय तवर उतरा. वार पडायचं मी बघते.”

उतरताना मी मामांना विचारलं की त्यांना हे माहीत होतं का, की सगूबाई त्या दिवशी खाली आली होती. मामा म्हणाले, नव्हतं. तलाव दिसायला लागल्यावर म्हणाले की ते वाक्य त्यांनी एकूण अकरा वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी गावाचं नाव त्यांना आठवत होतं. त्यांनी मला ती नावं एकेक करून सांगितली, आणि मी ऐकली.

पुढच्या वर्षी मी ती शस्त्रक्रिया करून घेतली. जादा वाट जाळली. त्यानंतर तसा झटका पुन्हा आला नाही. पण भीती त्या वाटेवर राहत नव्हती, त्यामुळे तिला जायला जास्त वेळ लागला. पूर्ण गेली असं आजही म्हणणार नाही.

सांगायचं राहिलं ते शस्त्रक्रियेच्या आधीचं. मामा मार्चमध्ये निवृत्त झाले, आणि नवीन माणूस येईपर्यंत फोन मीच घेत होते. एप्रिलमधल्या एका सकाळी उठल्यापासून माझे ठोके चुकत होते. दोन चालायचे, एक अडखळायचा. दहाच्या सुमाराला भोगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. माझ्या ओळखीचा नसलेला माणूस. गाय अडली होती. रस्ता होता, पण तासाभराचा, निर्जन, आणि जीप मलाच चालवायची होती.

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळायला मला थोडा वेळ लागला. तो दोनदा हॅलो म्हणाला.

“हे बघा,” मी म्हणाले, “मला हृदयाचा त्रास आहे. आज बरं वाटत नाही, आणि एकटीनं गाडी घेऊन यायची भीती वाटतेय. मी तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांचा...”

पलीकडे कुठेतरी गाय हंबरत होती. मला वाटलं, तो आता हसेल, किंवा फोन ठेवून देईल.

“मग बाई,” तो म्हणाला, “मी मोटरसायकलवर न्यायला येऊ का?”